पापडांचं तळं

ठोंबरेमामांनी माझ्या बहिणीचा धंदा सावरला की बुडवला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. जेवताना विषय निघाला तर ताटातलं गार होतं. मी दोन्ही बाजूंनी बोलू शकतो, आणि बोलतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचा माझ्यावर राग आहे.

बहीण म्हणजे वैजयंती, घरात वैजू. कर्जतच्या भिसेगावात आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ती तांदळाचे पापड, नाचणीचे पापड आणि कुरडया करून घेते आणि ऑनलाइन विकते. करणाऱ्या आठ बायका. त्यांच्यात शब्द चालतो तो मंदावहिनींचा. माझ्याकडे फक्त लेखनकाम आहे. पाकिटावरचा मजकूर आणि ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं. पस्तीस वर्षं कॉलेजात भाषा शिकवल्याचा एवढा तरी उपयोग झाला की 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे वाक्य मी अकरा प्रकारे लिहू शकतो.

मामा आमच्याकडे आले तेही तक्रार घेऊनच. वैजूने नेरळच्या कुणा ठोंबऱ्यांना पाठवलेलं पार्सल भिवपुरीच्या या ठोंबऱ्यांच्या दारात येऊन पडलं. दुसऱ्या कुणी ते निमूट तळून खाल्लं असतं. हे गृहस्थ पार्सल काखेत मारून भिसेगावात हजर. साठी ओलांडलेली, काटक अंग, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि पायात लोखंडी टोकाचे जाडजूड सेफ्टी बूट. हातात फुलस्केप कागद, वर ठळक अक्षरांत 'घटना अहवाल'. पार्सलावरचं प्रत्येक लेबल आणि प्रत्येक शिक्का वाचून त्यांनी त्याचा सगळा प्रवास लिहून काढला होता.

"बाय, तुझ्या दारापासून नेरळ किती लांब गं?"

"दोन स्टेशनं."

"आणि तुझा पापड खालापूरला गेला, तिथून भिवंडीला गेला, भिवंडीत दोन रात्री राहिला, परत खालापूरला आला आणि मग माझ्या दारात. माझी बायको सगळ्या संसारात एवढी फिरली नाय."

"त्यांची पद्धत असते तशी, काका. सगळा माल आधी मोठ्या गोदामात जातो."

"पद्धत असंल तर बरोबर हाय," मामा एकदम नरमले. "कुठं लिहिलेली हाय?"

हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रात मामा तेहेतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये होते. निवृत्त होऊन घरी बसले आणि कुकरच्या शिट्ट्यांची वेळेसह नोंद ठेवायला लागले, तेव्हा मामींनीच वैजूला निरोप धाडला, "त्यांना काय तरी काम दे गं, नायतर मी माहेरी जाते." वैजूलाही पॅकिंग आणि माल रवाना करायचं काम बघणारा माणूस हवाच होता. तिने त्यांना ठेवून घेतलं. मामींनी नारळ पाठवला.

आल्या दिवशी मामांनी हिरव्या कापडी बांधणीचं रजिस्टर उघडलं आणि दर तासाला नोंद सुरू केली. 'अकरा वाजता. हवा दमट. पाकिटं साठ. सर्व ठीक.' 'बारा वाजता. हवा दमट. पाकिटं साठ. सर्व ठीक.' काही घडलं नाही तर ते न घडणंही लिहायचं, हा त्यांचा धर्म. जेवायला जाताना ते 'कार्यभार सोपवला' असं लिहून सही करत, आणि सोपवायला दुसरं कुणी नसल्यामुळे जेवून आल्यावर 'कार्यभार स्वीकारला' असं लिहून पुन्हा स्वतःच सही करत. मी एकदा थट्टेने विचारलं, मधला अर्धा तास कार्यभार कुणाकडे असतो? त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या अर्ध्या तासाच्या सहीला मला बसवलं. तेव्हापासून मी थट्टा बेताने करतो.

त्यांना तोंडी काही सांगणं ही तर शिक्षाच. कंट्रोल रूममध्ये म्हणे एकाने सूचना द्यायची, दुसऱ्याने ती शब्दशः परत म्हणायची, मग पहिल्याने 'बरोबर' म्हणायचं. त्याशिवाय कुणी बटणाला हात लावायचा नाही.

"मामा, ठाण्याचं पार्सल आधी काढा," वैजू म्हणायची.

"ठाण्याचं पार्सल आधी काढायचं. बरोबर?"

"हो."

"हो नाय. बरोबर?"

"बरोबर, बरोबर!"

"एकदाच बोल गं बाय. दोनदा बोललीस तर दोन पार्सलं समजायची का?"

कुरिअर कंपनीच्या फोनवरच्या ध्वनिमुद्रित बाईशीही त्यांचा हाच व्यवहार. मराठीसाठी दोन दाबा, ती म्हणे. "मराठीसाठी दोन दाबायचं. बरोबर?" मामा विचारत आणि उत्तराची वाट बघत. बाई काही बरोबर म्हणायची नाही, फोन कट व्हायचा, मामा रजिस्टरात लिहायचे, 'समोरून दुजोरा नाही.'

आणि तो लाल टॅग. पत्र्याचा, दोरी ओवलेला, वर पांढऱ्या अक्षरांत 'हात लावू नये'. ज्याचा संशय येईल त्याच्या गळ्यात टॅग. प्रिंटरला, पापडांच्या ट्रेला, एकदा माझ्या खुर्चीला. अन्वरभाईच्या टेंपोच्या मागच्या दरवाजालासुद्धा. अन्वरभाई हा कुरिअरसाठी टेंपो चालवणारा, आमच्याकडून रोज पार्सलं उचलणारा. तो दारातूनच ओरडायचा, "मामा, परमिट द्या! नायतर मी इथंच म्हातारा होईन, मग मलापण एक टॅग लावा." कारण मामांच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय एकही पार्सल उंबरा ओलांडत नसे, आणि ती चिठ्ठी ते शाळेच्या दाखल्यासारखी सावकाश, शाईने लिहीत.

एवढं असूनही त्यांना घालवता येत नव्हतं, कारण त्यांचं काम चांगलं होतं. त्यांच्या सगळ्या गुणांत हा सर्वांत त्रासदायक.

खालापूरजवळच्या एका रिसॉर्टात लघुउद्योजक महिलांसाठी 'ऑनलाइन व्यवसाय आणि प्रभावी लॉजिस्टिक्स' असं शिबिर होतं. वैजू मामांना घेऊन गेली आणि मी जेवणाच्या आशेने गेलो. मुंबईहून आलेल्या सल्लागाराने गालापर्यंत येणारा माइक लावला होता. तसा माइक लावला की माणसाचे दोन्ही हात मोकळे होतात आणि तो ते वापरतो. पडद्यावर एक मोठा बाण गोल फिरत होता. ग्राहक, मागणी, साठा, वितरण, समाधान, पुन्हा ग्राहक. बाण तिसऱ्यांदा फिरून आला तेव्हा मामा उभे राहिले.

"साहेब, ह्याच्यात गाडी किती वाजता येते?"

"कोणती गाडी?"

"माल न्यायला. आमच्याकडं तीनला यायची, ती साडेचारला येते. तोवर आठ बायका हात बांधून बसतात. ते ह्या बाणात कुठं हाय?"

"खूप चांगला प्रश्न आहे," सल्लागार म्हणाला आणि पुढच्या पानावर गेला.

खूप चांगला प्रश्न आहे म्हणजे उत्तर नाही, हे मला सभासंमेलनांच्या अनुभवाने ठाऊक होतं. मामांना नव्हतं. ते उत्तरासाठी उभेच राहिले. पुढची तीन पानं, एक चित्रफीत आणि आभारप्रदर्शन होईपर्यंत एक माणूस सेफ्टी बूट घालून सभागृहाच्या मधोमध उभा. वैजूने पदर तोंडावर घेतला होता. जेवणात पनीर होतं, ते मला गोड लागलं नाही.

पण परत आल्यावर मामा आठवडाभर रोज अन्वरभाईच्या टेंपोत पुढे बसून फिरले. आमच्याआधी तो दहिवलीच्या एका दुकानाशी थांबतो, तिथला माल कधीच बांधून तयार नसतो आणि त्याचा दीड तास तिथेच जातो, हे त्यांनी शोधून काढलं. मग दोनच्या आत आमची पार्सलं बांधून उंबऱ्याशी ठेवली. अन्वरभाई आधी आमच्याकडे यायला लागला. "गाडी कुणासाठी थांबत नाय, बाय. आपण गाडीसाठी थांबायचं. ह्याला बाण कशाला पायजे?" 

त्यांचं खरं शास्त्र मात्र तळ्याचं. वीजकेंद्राचं पाणी घाटावरच्या तळ्यात साठतं आणि लागेल तसं पाइपातून खाली सोडतात. मामांनी भिंतीवर वर्षभराचा तक्ता लावला आणि निळ्या पेन्सिलीने एक रेघ काढली. "आमचं तळं पावसात भरतं आणि उन्हाळ्यात उतरतं. तुझं उलटं. चैत्र-वैशाखाच्या उन्हात भरायचं आणि दिवाळीपर्यंत उतरवायचं. बाकी काय फरक नाय." श्रावणात पातळी किती हवी, गणपतीत किती, सगळं रेघेवर. बांधलेला, पत्ता लावलेला माल म्हणजे पाइपातलं पाणी. "ते परत वर चढत नाय. म्हणून माल तळ्यात ठेवायचा, पाइपात नाय." ऑर्डर आल्याशिवाय एक पाकीट बांधू देत नसत. मागच्या वर्षी दिवाळीत ज्या वैजूने 'माल संपला' म्हणून निम्म्या ऑर्डरी रद्द केल्या होत्या, तिच्याकडे या वर्षी दिवाळी उलटल्यावर बरोब्बर एक ट्रे उरला. मामांनी तो ट्रे बघून नाक मुरडलं. त्यांच्या हिशोबाने तो अर्धाच उरायला हवा होता.

मोडक्या पापडांचा प्रश्नही त्यांनीच सोडवला, पण त्याआधी माळ्यावर चढून, डोक्यात हेल्मेट घालून, खाली फरशीवर एकेक खोका टाकून बघितला. सतरा खोके. सतराव्याला मंदावहिनींनी पाट आपटला.

"मामा, आमी पहाटे उठून लाटतो ते तुमी वरून फेकायला व्हय?"

"मग कसं बांधू ते सांग. तू लेकीला पाठवतेस तेव्हा कसं पाठवतेस?"

"डब्यात. खाली जुनं मऊ लुगडं, पापड पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे दोऱ्यानं बांधून, वर परत लुगडं. डबा हलवला तर आतून आवाज नाय आला पायजे."

"मग गिऱ्हाइकाला का तसं नाय?"

"गिऱ्हाईक काय माझी लेक हाय?"

मामांनी हेल्मेट काढलं आणि रजिस्टरात लिहिलं, 'यापुढे सर्व पार्सलं लेकीच्या पद्धतीने.' मोडक्या पापडांच्या तक्रारी महिनाभरात थांबल्या. माझं लेखनकाम निम्मं झालं, आणि त्याबद्दल मी त्यांना कधी क्षमा केली नाही असं वैजू म्हणते.

मग दुसरा उन्हाळा आला. मेअखेर आभाळ भरून यायला लागलं, आणि तळं रेघेच्या दोन बोटं खाली होतं. शेवटचा घाणा मंदावहिनींनी हाताने चाचपला आणि म्हणाल्या, "ह्याला अजून एक ऊन पायजे." वैजू म्हणाली, कुठून आणू ऊन? आणि तो घाणा तसाच भरला. पंधरा दिवसांत बुरशीचे फोटो यायला लागले. ज्या संकेतस्थळावर ती माल विकते त्यांनी पहिली ताकीद दिली. दुसऱ्या चुकीला, मग ती खराब माल असो की उशीर, खातं बंद. तिथलं खातं बंद म्हणजे आठ बायकांचं काम बंद, कारण नव्वद टक्के माल तिथूनच जात होता. बुरशीचं उत्तर मी बाराव्या प्रकाराने लिहिलं.

वैजू हादरली. तिनेच सगळ्यांना बसवलं आणि मामांचा नियम भिंतीवर लावला. संशय आला की टॅग, आणि ज्याने टॅग लावला त्यानेच तपासून काढायचा, दुसऱ्या कुणी नाही. खाली आठ बायकांनी सह्या केल्या, नववी वैजूची. मामा त्या दिवशी पहिल्यांदा आमच्यादेखत हसले. "तेहेतीस वर्षं, बाय. आमच्याकडं मशिनीत एक माणूस नाय गेला. का? आत कोण हाय ते बाहेरच्याला दिसत नाय. टॅग लावणाऱ्याला म्हाईत असतं."

जुलैत, श्रावणाच्या तोंडावर, संकेतस्थळाचा मोठा सेल होता. बेचाळीस डबे बांधून उंबऱ्याशी मांडणीवर ठेवलेले. सकाळी मामा मुद्दाम येऊन डोकावले. त्या दिवशी त्यांच्या शेतात भातलावणी होती, म्हणून सुट्टी. एका डब्याच्या झाकणाशी त्यांचं बोट रेंगाळलं. त्यांनी सगळ्या मांडणीला टॅग लावला, 'दमट वाटतो, तपासणे' असं लिहिलं, आणि तपासायचं संध्याकाळी म्हणून शेतावर गेले. हे आम्हाला कळलं दुपारी दोनला, अन्वरभाई दारात आल्यावर.

वैजूने कात्री घेतली. मंदावहिनी मांडणीपुढे उभ्या राहिल्या.

"ताई, सही केली हाय आमी."

"मी सांगते ना, काढा."

"तू पण केली हाय. मेमध्ये पण तूच म्हणालीस, भरा. मग आलं कुणाच्या अंगावर?"

कात्री तशीच हातात राहिली. मामांचा फोन लागत नव्हता, कारण शेतात फोन नेला तर तो चिखलात पडतो, असा त्यांचा लिखित नियम होता. अन्वरभाई वीस मिनिटं थांबला. "ताई, मलापण पुढं टाइम हाय," तो निघताना म्हणाला. "सातच्या आत खालापूरच्या गोदामात माल पोचवलात, तर आजचाच धरतील."

मी स्कूटर काढली, वैजू मागे. भिवपुरीपलीकडच्या त्या खाचरात गुडघाभर चिखलात मामा वाकलेले, हातात रोपांची मूठ. वैजू बांधावरून ओरडली. त्यांनी हातातली ओळ पुरी केली, मग वर आले.

"तपासलं का कुणी?"

"तुमच्याशिवाय कोण तपासणार? तुमचाच नियम ना!"

"बरोबर हाय," मामा म्हणाले, आणि ते समाधानाने म्हणाले, ही गोष्ट वैजू अजून विसरलेली नाही.

ते आले. पायाला चिखल तसाच. बेचाळीस डबे एकेक करून उघडले, बोट फिरवलं, हुंगलं, बंद केले. वैजू घड्याळ बघत होती, मंदावहिनी वैजूकडे बघत होत्या. तीन डबे खरोखर दमट निघाले. म्हणजे मामा बरोबर होते, आणि तेच सहन होत नव्हतं. पाच वाजून गेल्यावर त्यांनी टॅग काढला, सही केली, आणि एकोणचाळीस डबे भाड्याच्या टेंपोत भरून आम्ही तिघं पळसदरीच्या रस्त्याने निघालो. पाऊस नुसता कोसळत होता. गोदामाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. अर्धा तास हातात. वैजूने पहिल्यांदा श्वास सोडला.

"स्लॉट?" पहारेकरी म्हणाला.

"आमचा रोजचा माल आहे, फक्त आज स्वतः आणलाय."

"स्वतः आणला तर आधी वेळ घ्यावी लागते. आता पुढची वेळ सव्वाआठ."

"सव्वाआठला उद्याचा धरतील! दादा, खातं बंद होईल आमचं. पाच मिनिटांचं काम आहे."

पहारेकऱ्याने मान हलवली. मला वाटलं, आता मामा बोलतील. तेहेतीस वर्षांची नोकरी सांगतील, वय सांगतील, पायाचा चिखल दाखवतील. मामा उतरले आणि फाटकावरच्या फळ्यापाशी गेले. पावसात उभं राहून त्यांनी सगळे नियम मोठ्याने वाचले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग वळले.

"बरोबर हाय गं त्याचं. लिहिलेलं हाय."

वैजूने तो फळा स्वतः वाचला. मग म्हणाली, "मामा, उद्यापासून येऊ नका."

मामांनी तिच्याकडे बघितलं. पाणी भुवयांवरून गळत होतं. "उद्यापासून यायचं नाय. बरोबर?"

फाटकाशी चार माणसं बघत होती. वैजूला ते म्हणावं लागलं. "बरोबर," ती म्हणाली, एकदाच.

खातं बंद झालं. श्रावण गेला, गणपती गेले. तळं भरलेलंच होतं आणि पाइप कोरडा. मंदावहिनींसह चार बायका एका फार्महाऊसवर कामाला जायला लागल्या. मी संकेतस्थळाला विनंतीपत्रं लिहीत होतो, ज्यांना यंत्र उत्तर देत होतं. वैजू दिवसातून एकदा तरी म्हणायची, त्या माणसाने मला बुडवलं. आणि मी म्हणायचो, तीन डबे दमट होते. मग जेवण गार व्हायचं. मामींकडून कळलं, मामा कुठेतरी गेटवर लागले आहेत. कुठल्या गेटवर, ते आम्ही विचारलं नाही.

नवरात्रात खातं पुन्हा सुरू झालं, अटींवर. एक पार्सल उशिरा गेलं तरी कायमचं बंद. पहिलाच मोठा माल वैजूने कुणावर सोडला नाही. वेळ आधी घेतली, तीनची. अन्वरभाईचा टेंपो खास भाड्याने सांगितला आणि आम्ही निघालो. पळसदरीला रस्त्याचं काम निघालं होतं. फाटकाशी पोचलो तेव्हा तीन पंचवीस. ऑक्टोबरचं ऊन, आणि उन्हात पिवळं जाकीट घालून, पायात तेच बूट, ठोंबरेमामा.

वैजूने डोळे मिटून घेतले. "देवा," ती म्हणाली, "दुसरं कुणी नव्हतं?"

मामा खिडकीशी आले. "तीनची वेळ होती, बाय. तीन पंचवीस झाले."

"मला घड्याळ कळतं, मामा."

"वेळ गेली."

"आजचा माल उद्या धरला तर कायमचं संपलं. तुम्हाला माहीत आहे ना? मंदावहिनी कालच परत आल्यात कामावर."

"म्हाईत हाय."

"मग तुम्ही आमचे की त्यांचे?"

"हितं उभा हाय तोवर कुणाचाच नाय गं."

अन्वरभाई वाकून म्हणाला, "मामा, मला तरी ओळखता का?"

"तुझा मागचा दिवा बंद हाय," मामा म्हणाले.

मग त्यांनी वहीत बघितलं. "चारची वेळ भिवंडीच्या ट्रकची हाय. चार दहापर्यंत नाय आला तर त्याची वेळ जो उभा असंल त्याला. बाजूला घे टेंपो."

पाऊण तास. पहारेकऱ्यांच्या खोलीत पंखा होता, खुर्ची होती. मामा आत गेले नाहीत. ते टेंपोभोवती फिरायला लागले. अन्वरभाईने ताडपत्री कशीबशी बांधली होती. मामांनी गाठ सोडली, दोरी दोन्ही बाजूंनी ओढून घेतली, बूट चाकाला लावून पुन्हा ताणली आणि नव्याने बांधली. मग एकेका खोक्यावर तळवा दाबून बघितला, शेवटच्या रांगेपर्यंत. वैजू समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती, म्हणजे ट्रक येतोय का ते बघत होती, आणि येऊ नये म्हणून ओठ हलत होते.  

चार वाजले. चार सात. मग वळणावर ट्रक दिसला. लांबलचक, सावकाश, हॉर्न वाजवत येत होता. वैजूने कपाळाला हात लावला. मामांनी मनगट डोळ्यांशी नेलं, ट्रककडे बघितलं, पुन्हा मनगटाकडे बघितलं.

"दहा झाले," ते म्हणाले आणि फाटकाचा आडवा दांडा स्वतः उचलला. "चल रं, अन्वर."

टेंपो आत गेला. मागे ट्रकचा ड्रायव्हर केबिनमधून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता, तो तर फाटकाशी पोचलाच होता जवळजवळ.

वैजूने विचारलं, "अन्वरभाई, खरंच दहा झाले होते का रे?"

"माझं घड्याळ बंद हाय, ताई."

मी आरशात बघितलं. मामांनी ड्रायव्हरला खाली उतरवलं होतं, फळ्यापुढे उभं केलं होतं, आणि ओळीवर बोट ठेवून त्याला पहिल्या नियमापासून वाचून दाखवत होते. आमचा माल त्याच दिवसाचा धरला गेला. आत जायचं फाटक वेगळं आणि बाहेर पडायचं वेगळं, गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे परत येताना त्यांची भेट झाली नाही.